जॅकेट आणायला नाही, माप द्यायला जा

या वेळचं पत्र साताऱ्याहून आलंय. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देतो:

"माझं वय ४६, गेली वीस वर्षं बुलेट चालवतोय. स्कॉटलंडमध्ये गॅलाशील्स नावाच्या गावात एअरो म्हणून लेदर जॅकेटवाले आहेत, घोड्याच्या कातड्याचं जाडजूड जॅकेट बनवतात, त्यांचं एक जॅकेट घ्यायचं हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. तीन वर्षं बाजूला पैसे टाकतोय. येत्या मे महिन्यात मी, बायको आणि बारा वर्षांची मुलगी असे नऊ दिवसांसाठी जायचं ठरवतोय. बायकोचं ब्लाउज शिवायचं आणि आरी वर्कचं दुकान आहे, ती म्हणते एका जॅकेटसाठी एवढ्या लांब कशाला, साताऱ्यात काय मिळत नाही. मुलीला किल्ले बघायचेत. माझा विचार असा की शेवटच्या दोन दिवसांत कारखान्यात जावं, जॅकेट घ्यावं, एअरपोर्टवर टॅक्स परत घ्यावा आणि जॅकेट अंगात घालूनच मुंबईत उतरावं. मधले दिवस स्काय बेट वगैरे. जमेल का? आणि घरच्यांना कंटाळा येणार नाही असं काय करता येईल?"

दादा, पत्र वाचून मस्त वाटलं, कॉलेजपासूनची इच्छा धरून ठेवून त्यासाठी तीन वर्षं पैसे साठवणारा माणूस मला मनापासून आवडतो. पण तुमचा प्लॅन उलटा करायला लागेल, आणि आधी करायला लागेल, कारण तिकिटं काढून झाली की मग हात बांधले जातात.

पहिली गोष्ट, जॅकेट घालून मुंबईत उतरायचं डोक्यातून काढून टाका. असे जॅकेटवाले दुकानदार नसतात, ते ऑर्डर घेऊन बनवतात. तुम्ही मॉडेल निवडणार, कातडं निवडणार, अस्तर, चेन, खिसे, बाहीची लांबी सगळं ठरवणार आणि मग तुमचा नंबर लागणार, त्याला आठवडे नाही तर महिने जातात. तयार असलेलं एखादं जॅकेट तुमच्या मापाचं निघालं तर ते नशीब, पण नशिबावर नऊ दिवसांची ट्रिप आखू नये. तेव्हा तुम्ही तिथे जाताय ते माप द्यायला, हात लावून कातडं निवडायला, चार साइझ अंगावर चढवून बघायला. जॅकेट मागनं येईल. हे एकदा मनाने घेतलं की ट्रिप आपोआप सुटसुटीत होते बघा.

दुसरा रस्ता पण आहे, आत्ताच ईमेलवर मापं पाठवून ऑर्डर द्यायची आणि मे मध्ये जाऊन घेऊन यायचं. पण मला विचाराल तर पहिलंच जॅकेट असेल तर तसं करू नका. मी एकदा केलंय, वेगळ्या ठिकाणी, घरीच टेप धरून मापं काढली आणि पाठवली, जॅकेट आलं ते उभं असताना झकास बसायचं आणि गाडीवर हात पुढे केले की मनगट दोन इंच उघडं. फोन केला तर म्हणाले तुम्ही दिलेल्या मापाचंच आहे, आणि ते खरंच होतं. ते काही सुधारता आलं नाही.

का सुधारता आलं नाही ते तुमच्यापेक्षा वहिनींना लगेच कळेल. ब्लाउज शिवताना त्या आत माया सोडतात ना, पुढच्या वर्षी घट्ट झाला की उसवून अर्धा इंच सैल करायचा. चामड्यात ते चालत नाही. कापडातनं सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि उसवलं की परत जागेवर येतात, चामड्यात सुई गेली की भोक पडतं ते कायमचं. शिवण उसवून बाहेर सरकवली तर जुन्या भोकांची रांग तशीच दिसणार, त्यात तिथे चामडं कमजोर झालेलं असतं, तिकीट फाडायच्या रेघेसारखं. त्यामुळे जे काय ठरवायचं ते कापायच्या आधी. आणि म्हणूनच माझा पहिला सल्ला असा की कारखान्यात वहिनींना बरोबर घेऊन जा, बाहेर बसवून ठेवू नका. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, कुठे बसतोय, पाठीला घोळ आहे का, बाही कुठे ओढली जातेय हे जिला रोजच्या रोज दिसतं अशी व्यक्ती तुमच्या घरात आहे, तिचा सल्ला इथेच तर कामाला येणार आहे.

मुंढ्याचं एक बघाच. आपल्याला वाटतं की मोकळं वाटायचं तर मुंढा खोल पाहिजे. उलट आहे. मुंढा काखेच्या जवळ, वर असला तर हात उचलला की फक्त बाही उचलली जाते, मुंढा खाली असेल तर हाताबरोबर अख्खं जॅकेट कमरेतून वर येतं. वहिनींना विचारा, त्या हेच सांगतील. तर ट्रायलला नुसतं आरशासमोर उभं राहू नका. खुर्चीवर बसा, बुलेटचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, मान वळवा, मागे बघा. जाताना तुमच्याकडचं सगळ्यात नीट बसणारं जॅकेट बरोबर न्या आणि आत नेहमी घालता तोच शर्ट किंवा पातळ स्वेटर घाला. बाही थोडी लांब वाटली तरी घाबरू नका, घोड्याचं कातडं नवीन असताना पुठ्ठ्यासारखं कडक असतं, वापरून कोपराच्या आत वळ्या पडतात आणि त्या वळ्यांमध्ये लांबी खाल्ली जाते, सहा महिन्यांनी बाही बरोबर जागेवर येते. तिथली माणसं हे रोज बघतात, ते म्हणतील त्यावर विश्वास ठेवा, आणि तरीही शंका असली तर बोलून दाखवा, आपण पाहुणे म्हणून गप्प बसायची सवय तिथे उपयोगाची नाही.

कातड्याचं पण थोडं सांगतो कारण तिथे गेल्यावर समोर तुकडे ठेवतील आणि तुम्ही गांगरून जाल. अमेरिकेत शिकागोला हॉरवीन म्हणून टॅनरी, म्हणजे कातडं कमावायचा कारखाना, आहे, १९०५ सालची, त्यांचं घोड्याच्या पुढच्या भागाचं कातडं या जॅकेटवाल्यांकडे फार जणं मागतात. त्यात कमावताना गरम तेलं आणि मेण मुरवलेलं असतं, बोटाने दाबून वाकवलं की रंग फिका होतो आणि सोडलं की परत गडद होतो. काही काळी कातडी आतून तपकिरी असतात, वरचा काळा थर कोपरावर, खिशाच्या कडेला, चेनच्या बाजूला घासला जातो आणि आतला चहासारखा रंग वर येतो. माझ्या जॅकेटच्या उजव्या बाहीवर तो आधी दिसायला लागला, डाव्या बाहीवर जवळपास वर्षाने, कारण सॅक मी कायम उजव्या खांद्यावर टाकतो. असं जॅकेट पाच वर्षांनी कुणाचंही दुसऱ्यासारखं दिसत नाही, मला त्याचं हेच कौतुक आहे.

पण तुम्ही साताऱ्यात राहता हे विसरू नका हं. सगळ्यात जाड कातडं घ्यायचा मोह होईल, जॅकेट तीन किलोच्या आसपास जातं, आणि आपल्याकडे ते डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी, कासला नाहीतर महाबळेश्वरच्या घाटात, एवढंच चालणार. एप्रिलमध्ये अंगात घालवणार नाही. त्यांना स्पष्ट सांगा की मी ३५ डिग्रीच्या गावातला आहे, पातळ आणि मऊ काय आहे ते दाखवा, बकऱ्याचं कातडं असेल तर ते पण बघा, हलकं असून चिवट असतं. अस्तर लोकरीचं नको, सुती घ्या, लोकरीचा टार्टन, म्हणजे तिकडचं चौकड्यांचं कापड, दिसायला कितीही गोड असला तरी. घरात कोणाला गाय-बैलाचं कातडं चालत नसेल तर तेही आधीच बोला, त्यांच्याकडे घोड्याबरोबर बैलाचं पण असतं. आणि एक कळकळीने सांगतो, ही जुन्या पद्धतीची जॅकेटं आहेत, कोपर-खांद्याला आजच्या रायडिंग जॅकेटसारखे पॅड नसतात. जाड चामडं घसटण्यापासून वाचवतं पण आपटण्यापासून नाही. हायवेवर लांब जाताना तुमचं पॅडवालं जॅकेटच घाला, मुलगी घरी वाट बघत असते.

आता तारखा. कारखान्याची भेट शेवटी नाही, सुरुवातीला ठेवा, पोचल्यावर एखादा दिवस झोप पूर्ण करून मग तिसऱ्या दिवशी. कारण माप दिल्यावर रात्री अंथरुणात विचार येतो की खिसे तिरके घ्यायला पाहिजे होते, मग दोन दिवसांत सांगता येतं, जवळ असाल तर परत जाता पण येतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार यातला दिवस मागा. शुक्रवारी तिकडच्या बऱ्याच कारखान्यांत लवकर सुट्टी होते, आणि मे मध्ये पहिला आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, असतो. बेत जूनच्या शेवटी किंवा जुलैत ढकलावा लागला तर जास्त जपून, एक तर स्कॉटलंडमध्ये कारखान्यांनी जुलैत पंधरा दिवस सुट्टी घ्यायची जुनी पद्धत आहे, आणि त्याच सुमाराला गॅलाशील्समध्ये ब्रॉ लॅड्स गॅदरिंग असतं, १९३० पासून चालत आलेला गावचा सण, शेकडो घोडेस्वार गावातून निघतात, ट्वीड नदी ओलांडतात. बघायला फार सुंदर, पण त्या दिवसांत राहायला खोली मिळत नाही आणि कामकाज थंड असतं.

न विचारता जाऊ नका, हे तर सांगायलाच नको. तो चालता कारखाना आहे. आधी ईमेल, मग तारीख पक्की, मग विमानाची तिकिटं, आणि व्हिसाची कागदपत्रं त्यानंतर. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो, बोटांचे ठसे दिल्यावर साधारण तीन आठवडे धरा, पुण्यात पण सेंटर आहे त्यामुळे मुंबईला जायची गरज नाही. आणि लक्षात ठेवा, युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही.

गॅलाशील्सला जाणं एकदम सोपं आहे. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून बॉर्डर्स रेल्वे निघते, पाऊण-एक तासात गॅलाशील्स. ही लाइन १९६९ मध्ये बंद केली होती, त्या भागातल्या लोकांनी ती परत मिळावी म्हणून वर्षानुवर्षं लावून धरलं आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली, ४६ वर्षांनी. म्हणजे तुम्ही कॉलेजात हे जॅकेट मनात धरलंत तेव्हा त्या गावाला रेल्वेच नव्हती. शेवटचा पट्टा गाला वॉटर नावाच्या छोट्या नदीच्या कडेने जातो, गाडी ती नदी परत परत ओलांडते, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या, मुलीला खिडकी द्या.

मेंढ्यांवरून आठवलं. गॅलाशील्स हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. ट्वीडचं कापड विणणाऱ्या गिरण्या या नद्यांच्या पाण्यावर उभ्या राहिल्या, त्यातल्या बहुतेक गेल्या, पण कापड आणि डिझाइन शिकवणारं हेरियट-वॉट विद्यापीठाचं कॉलेज अजून तिथे आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या शिवण-विणकामाचे हात तयार झालेत अशा गावात चांगलं जॅकेट बनतं याचं मला नवल वाटत नाही. बाकी एअरो हे नाव मूळ अमेरिकेतलं, न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावची त्या नावाची कंपनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांची ए-२ जॅकेटं शिवायची, स्कॉटलंडवाल्यांनी ते नाव पुढे चालवलं.

आणि आता वहिनींसाठी, हे पत्र वाचल्या वाचल्या माझ्या डोक्यात आलं होतं. त्याच गावात ग्रेट टेपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड आहे. भरतकामाचे १६० पॅनल, स्कॉटलंडचा सगळा इतिहास सुईदोऱ्याने भरलेला, हजारावर लोकांनी हौसेने, फुकट, घरी बसून भरलाय. २०२१ पासून त्याच्यासाठी गावात स्वतंत्र इमारत आहे. जी बाई दिवसभर आरीच्या सुईने काम करते ती तिथे दोन तास तरी हलणार नाही, लिहून देतो. जवळ जाऊन बघा, एकेका पॅनलमध्ये लोकर किती वेगवेगळ्या टाक्यांनी भरलीय, पाणी वेगळं, धूर वेगळा, मेंढीची लोकर वेगळी, आणि भरणाऱ्यांनी कोपऱ्यात आपापल्या खुणा सोडल्यात. "एका जॅकेटसाठी एवढ्या लांब" हा प्रश्न तिथे गेल्यावर पडणार नाही, कारण ती ट्रिप त्यांची पण झालेली असेल.

म्हणून माझं म्हणणं, एडिनबरावरून एका दिवसात जाऊन येऊ नका, गॅलाशील्स किंवा शेजारच्या मेलरोझला दोन रात्री राहा. मेलरोझला ११३६ साली सुरू झालेला मठ आहे, आता भग्न, पण मुलीला किल्ल्याइतकाच आवडेल. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस, त्याचं हृदय तिथे पुरलंय, जागेवर कोरलेला दगड आहे. आणि वर छताकडे नीट बघायला सांगा, एक डुक्कर बॅगपाइप वाजवताना कोरलंय, मुलीनेच शोधून काढलं पाहिजे, तुम्ही आधी सांगू नका. शेवटच्या ट्वीडबँक स्टेशनवरून वीस-पंचवीस मिनिटं चालत गेलं की कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटचं घर अ‍ॅबट्सफर्ड, ट्वीड नदीच्या काठावर. गाडी घेणार असाल तर स्कॉट्स व्ह्यू नावाच्या वळणावर संध्याकाळी थांबा, समोर आइल्डन टेकड्यांची तीन शिखरं दिसतात. मे मध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तुमच्या भारतीय लायसन्सवर तिथे वर्षभर गाडी चालवता येते, आपल्यासारखीच डाव्या बाजूने, ही मोठी सोय आहे.

स्काय बेट या वेळी सोडा. एडिनबरावरून जायलाच पाच-सहा तास, यायला तेवढेच, किमान तीन दिवस तिथेच द्यायला पाहिजेत, नाहीतर गाडीच्या काचेतून पाऊस बघून परत. त्यापेक्षा स्टर्लिंगचा किल्ला, एडिनबरावरून रेल्वेने तासाभराच्या आत. एडिनबराच्या किल्ल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, वेळेचं असतं, आणि दुपारी एकच्या आधी आत असा, रविवार सोडून रोज एक वाजता तोफ उडते. एडिनबरातली आर्थर्स सीट टेकडी २५१ मीटर, अजिंक्यतारा चढणाऱ्याला काहीच नाही, सकाळी चढा. मग दोन रात्री फोर्ट विल्यमकडे, ग्लेनफिनिनचा २१ कमानींचा रेल्वेपूल, मुलगी ओळखेल तो कुठल्या सिनेमातला. झाले नऊ दिवस.

पैशाचं राहिलं. एअरपोर्टवर टॅक्स परत मिळत नाही, पर्यटकांसाठीची ती योजना ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून बंद केली, जुने व्हिडिओ बघून खूप जण फसतात. दुकानातून हातात घेतलं तर २० टक्के व्हॅट भरावाच लागतो. पण त्यांनी थेट भारतात पाठवलं तर तो लागत नाही, त्याऐवजी इकडे आल्यावर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी भरायचा, कुरियरवाले केवायसी मागतात. म्हणजे बघा, जॅकेट मागनं येणं हे तितकं वाईटही नाही. दोन्ही हिशोब त्यांच्याकडून लेखी मागा, इकडचा कर धरून तुलना करा, आणि पार्सलवर किंमत खरीच लिहायला सांगा, कमी लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका, हरवलं तर विमा पण तेवढ्याच रकमेचा मिळतो. तिथल्या स्कॉटिश बँकांच्या नोटा उरल्या तर एडिनबरामध्येच संपवा, आपल्याकडे त्या बदलून घ्यायला लोक कुरकुर करतात.

जॅकेट आल्यावर पहिला पावसाळा जपा. साताऱ्याच्या पावसात बंद कपाटात पंधरा दिवसांत बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये तर अजिबात नको, रुंद खांद्याच्या हँगरवर, हवा लागेल असं, आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून. तेल लावायची घाई नको, त्या कातड्यात तेल आधीच भरपूर असतं.

ईमेल आज रात्रीच लिहा. कोण येणार, कुठल्या आठवड्यात, कुठलं मॉडेल मनात आहे, गाडी चालवताना घालणार, हवा किती गरम, आणि तुमची छाती, पोट, उंची, खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंतचं माप. मापं स्वतः काढू नका, वहिनींना काढू दे. आणि त्यांची टेप सामानात घ्या, इंच आणि सेंटीमीटर दोन्ही असलेली.